डोक्यातलं जादा चाक

...आणि वर मलाच विचारतात, ‘नक्की कुठे दुखतंय?’ अहो, डोक्यात! कपाळात, डाव्या डोळ्याच्या मागे, नाकाच्या मुळाशी... आता दुखणाऱ्या माणसानं काय नकाशा काढून द्यायचा? पण नाक म्हटलं रे म्हटलं की आमची ही लगेच, ‘अहो, सायनसच तो.’ आणि हिचा भाऊ औषधांच्या दुकानात असतो, डॉक्टर नाही हं, काउंटरवर असतो, त्यानं दोन बोटांनी माझं कपाळ ठोकलं आणि म्हणाला, ‘भावोजी, आत गच्च भरलंय.’ माझ्या डोक्यात काही आहे असं म्हणणारा हा आयुष्यातला पहिला माणूस. डोकं माझं, निदान जगाचं.

झालं, दोन वर्षं वाफ. तुम्हाला सांगतो, टॉवेलखाली तोंड उकडून उकडून माझा रंग बदलला. उजेड नको व्हायचा, पोटात ढवळायचं, तर ही दिवा लावून पातेलं आदळणार, ‘नाक वाहतंय ना? मग घ्या वाफ.’ त्यात मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा. दुकानात भिंतीवर बेचाळीस घड्याळं, एरवी ती टिकटिक मला ऐकूही येत नाही, पण डोकं दुखतं त्या दिवशी एकेक टिक कवटीच्या आत वाजते. कान दाबून बसलो तर मेहुणा म्हणतो, ‘सर्दी कानात उतरली.’ डोकं माझं, निदान जगाचं.

गेल्या महिन्यात एका शाळेचं जुनं घड्याळ उघडून बसलो होतो, डोळ्याला भिंग. बघतो तर कडेला एक दातेरी चाक, अर्धंच, चकाकतंय, थरथरतंय. म्हटलं, हे बसवायचं राहिलं की काय? सगळं घड्याळ खोललं, जुळवलं, तरी चाक आहेच. पुन्हा खोललं. तिसऱ्यांदा खोललं आणि सहज वर पाहिलं, तर चाक भिंतीवर! डोळे मिटले, तर मिटलेल्या डोळ्यांतही तेच. म्हटलं, गेले डोळे. आमच्या धंद्यात डोळे गेले म्हणजे दुकानाला कुलूपच. वीसेक मिनिटांनी चाक गेलं आणि डोकं सुरू झालं. घरी चाकाबद्दल चकार शब्द काढला नाही.

डॉक्टरीणबाईंकडे एकटाच गेलो. त्यांनी डोळे तपासले, सगळं ऐकून घेतलं, म्हणाल्या, ‘सायनस असता तर नाकातून घट्ट पिवळं आलं असतं, ताप आला असता, वास कळेनासा झाला असता. नुसतं पाणी तर मायग्रेनमध्येही वाहतं. आणि हे ढवळणं, उजेड, आवाज, ते चाक... हा मायग्रेन आहे. डोळे ठणठणीत आहेत तुमचे.’ खरं सांगतो, मला तिथेच रडू आलं.

उड्या मारत घरी येऊन सांगितलं, तर हिचं तोंड एवढंसं. ‘म्हणजे दोन वर्षं मी वाफ दिली ती फुकट?’ मेहुणा म्हणतो, ‘ताई, डॉक्टर काय, काहीही सांगतात.’ डोकं माझं, निदान... जाऊ दे.

आता गोळी घेतो, अंधारात पडतो, आणि त्याआधी हिच्या समाधानासाठी दहा मिनिटं वाफही घेतो. तुम्ही म्हणाल, ठणकावून सांगत का नाही? सांगितलं असतं. पण वाद घातला की माझं डोकं दुखतं, आणि मग ते सायनसनं दुखतंय की मायग्रेननं, यावर हे दोघं माझ्याशी वाद घालतात.