सी बुश्ताच्या खिशातली किल्ली

…आणि वर मला म्हणतो कसा, "पोरी, पुस्तकं बघायची असतात, हाताळायची नसतात!" आता बोला! तुम्हाला सांगते, हे वाक्य माझ्या कानावर पडलं ना, त्याच क्षणी ठरवलं, या माणसाचा सूड घ्यायचा. साधासुधा नाही हं. बरणीतल्या लिंबासारखा, मिठात मुरवून मुरवून घ्यायचा!

हा माणूस म्हणजे सी बुश्ता, 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'. मोरोक्कोतल्या मेक्नेसच्या जुन्या शहरात आमची गल्ली आहे, त्या गल्लीच्या संघटनेचा अध्यक्ष. निवडला कोणी? कोणीच नाही! संघटनेची खोली त्याच्या घराखाली, म्हणून तो अध्यक्ष. त्या खोलीत एक काचेचं कपाट, आणि कपाटात पोरांची चित्रांची पुस्तकं. कुणा भल्या माणसांनी मुद्दाम आमच्या गल्लीतल्या चिमुरड्यांसाठी पाठवलेली. उंट काय, बेडूक काय, एका पुस्तकात तर कागदाचं दार आहे, ते बोटानं उघडलं की आतून कोंबडी बाहेर येते! आणि कपाटाला कुलूप. किल्ली कुठंय? सी बुश्ताच्या खिशात!

पोरं काचेला नाक लावून उभी राहायची. नाकांचे ठसे उमटायचे. सी बुश्ता फडक्यानं ते पुसायचा आणि मला ऐकवायचा, "बघ, वियाम, बघ! काचेची ही दशा, मग कागदाची काय करतील? खातील! तीन वर्षांच्या पोराला पुस्तक आणि बिस्किट यांतला फरक कळतो का?"

अहो, खाऊ देत की! पहिलं पुस्तक चाखूनच वाचतात पोरं! मी याचंच शिक्षण घेऊन आलेय हो कॉलेजातून, दात-ओठ खात परीक्षा दिल्यात. या वयात पोर म्हणजे भिजवलेली कणीक. आत्ता गोष्ट कानावर पडली, आत्ता पान हातात आलं, तर ठसा उमटतो. कणीक वाळल्यावर काय हातोडा मारणार? हे मी त्याला समजावलं. त्याच्याऐवजी काचेला समजावलं असतं तर निदान वाफ तरी धरली असती. तो हसला, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सहा वर्षांची झाली की शाळा आहेच. आणि पुस्तकंही काढू एक दिवस, इन्शाअल्ला." ते 'इन्शाअल्ला' मला बरोब्बर कळतं. त्याचा अर्थ, चहा पी आणि घरी जा.

मी चहा प्यायले नाही. तडक भट्टीवर गेले.

आमच्याकडे घरोघरी कणीक मळतात आणि रोट भाजायला गल्लीच्या भट्टीवर पाठवतात. फळीवर रोट, वर फडकं, आणि फळी पोरांच्या डोक्यावर. म्हणजे गल्लीतली झाडून सारी पोरं सकाळी तिथं हजर! भट्टीवाला बा अल्लाल. त्याला म्हटलं, "बा, पोरं थांबतात तेवढ्यात मी गोष्टी सांगू?" तो म्हणाला, "सांग. पण माझ्या फावड्याच्या वाटेत जे येईल ते भाजून निघेल, मग तो रोट असो नाही तर पदवीधर!"

झाली सुरुवात. कोल्ह्याची गोष्ट, खारकेच्या बीची गोष्ट. पोरं नुसती तोंडं उघडी टाकून ऐकताहेत! आणि एक दिवस काय बघते, आमची तूदा, चार वर्षांची, नाक वाहतंय, ही बया बाहेर आलेल्या रोटांकडे बोट दाखवून सांगतेय, "हे झहरामावशीचे, हे ब्राहिम खाटकाचे, हे आमचे…" कशावरून? खुणेवरून! प्रत्येक घराच्या रोटावर खूण असते ना! कुणाची काट्याची टोचणी, कुणाची सुरीची फुली, कुणाचा अंगठा. अरे, हे वाचनच की! पोरं रोज भाकरी वाचताहेत आणि तो म्हणतो, यांना फरक कळत नाही?

मग मला सुचलं. आता तुम्ही म्हणाल, सुचायला नको होतं. ते मागून कळतं हो! मी म्हटलं, खुणा कशाला, अक्षरं काढू! प्रत्येकानं आपल्या घरातल्या कर्त्याच्या नावाचं पहिलं अक्षर बोटानं रोटावर दाबायचं. पोरं खूष. दाबली अक्षरं. आणि रोट बाहेर आल्यावर दिसलं की अर्धी गल्ली 'मीम', म्हणजे आमचा 'म', आहे! मुहम्मद, मुस्तफा, मलिका, मीना, मामून… बा अल्लालनं डोक्याला हात लावला. "पोरी, काल मला सगळी घरं ओळखू येत होती. आज तू मला शिकवलंस आणि एकही येत नाही!" मुस्तफाचे रोट मीनाकडे, मीनाचे मामूनकडे, बायका कंबरा कसून दारात. आणि सी बुश्ताच्या ताटात काय आलं? ब्राहिम खाटकाकडचे जवाचे रोट! बुश्ताचा 'ब' आणि ब्राहिमचा 'ब', अक्षर एकच ना!

आला तणतणत. हातात जवाचा रोट, तोही चावलेला. "हिच्या शिक्षणानं माझं जेवण खाल्लं! उद्यापासून भट्टीवर गोष्टी बंद! पोरांनी फळी ठेवायची आणि चालू पडायचं!" सगळ्या गल्लीदेखत. तूदा माझा झगा धरून विचारते, "मग पुस्तकं देशील?" मी काय देऊ, कपाळ? किल्ली कुठंय? सी बुश्ताच्या खिशात!

त्या दिवशी माझ्यातली शिक्षिका गेली कोपऱ्यात आणि सूड घेणारी बाई बाह्या सरसावून पुढं आली.

तेवढ्यात बातमी, राजधानीतून, राबातहून कुणी साहेबीणबाई येणार, गल्लीतलं बालशिक्षण बघायला. सी बुश्तानं काच अशी पुसली की माशी आपटून पडावी. मेजवानीचे रोट त्याच्याच घरचे. त्याच्या बायकोनं, लल्ला बतूलनं, पहाटे उठून कणीक मळली आणि पोरांच्या डोक्यावर फळ्या दिल्या. मी वळणावर उभीच! म्हटलं, "पाहुण्या येताहेत. काढायची का छानशी खूण?" काय काढा, हे मी सांगितलं नाही. अल्लाशपथ नाही! तूदानंच बोट पुढं केलं. एक गोल. त्याला एक दांडा. दांड्याला दोन दात. बाकीच्यांनी बघितलं आणि लागली सगळी कामाला. बा अल्लालनं फळ्या बघितल्या, खोकला, म्हणाला, "मी भाजतो. वाचत नाही."

दुपारी खोलीत चहा, ऑलिव्ह, मध, लोणी. पोरं भिंतीशी ओळीनं. सी बुश्ता पांढऱ्याशुभ्र पायघोळ जेलाब्यात, "बाईसाहेब, ही आमची ग्रंथसंपदा…" आणि लल्ला बतूलनं फडकं काढलं. प्रत्येक रोटावर टम्म फुगलेली, खरपूस, सोनेरी किल्ली!

बाई म्हणाल्या, "अरे वा! हे काय?"

सी बुश्ता म्हणतो, "ही… ही आमची जुनी परंपरा!"

तूदा म्हणाली, "किल्ली आहे."

"कशाची गं?"

"त्या कपाटाची."

"मग खरी कुठंय?"

आणि सगळ्या पोरांनी एका सुरात, छप्पर उडेल अशी आरोळी ठोकली, "सी बुश्ताच्या खिशात!"

बाईंनी एका हातात रोटाचा तुकडा धरला आणि दुसरा हात त्याच्यापुढं पसरला. नुसता पसरला. काय चेहरा झाला होता हो त्याचा! कपाट उघडलं. पोरं तुटून पडली. कोंबडी दारातून बाहेर आली, संध्याकाळपर्यंत तिची मान गेली, कुणीतरी बेडकाचा पाय खरंच खाल्ला. आणि मी भिंतीला टेकून उभी. सूड असा लागत होता जिभेला, मधाहून गोड!

पण थांबा. पुढं ऐका. महिन्याभरानं राबातहून प्रशस्तिपत्र आलं. 'रोटांमधून बालशिक्षण' या अभिनव कल्पनेबद्दल… कोणाला? सी बुश्ताला! ते त्यानं चौकट करून कपाटात ठेवलं. रिकामंच होतं ना आता. वर कुलूप. आणि किल्ली कुठंय, हे मी पुन्हा सांगायला हवं का?

बरं, निदान चिडला तरी असेल? छे! लल्ला बतूलला ती खूण एवढी आवडली की आता त्यांच्या घरच्या रोटावर रोज किल्लीच. कुलूपवाल्याच्या पाटीवर किल्ली रंगवलीय, येता-जाता पोरं तिकडं बोट करून ओरडतात, "सी बुश्ता! सी बुश्ता!" मी टोमणा म्हणून शिकवलं होतं हो ते त्यांना! आणि हा छातीवर हात ठेवून, मान लववून सगळ्यांना सलाम करतो, वर मलाच सांगतो, "बघ वियाम, किती जीव लावतात पोरं!"

काय करणार? सूड घ्यायचा तर समोरच्यालाही थोडंफार वाचता यावं लागतं.