जादूगार अण्णांची झोळी

व्हिडिओ गेममध्ये जादूगार घेणार असाल तर आमच्या अण्णांसारखं खेळू नका. अण्णा म्हणजे माझे वडील; त्यांची किमो चालू असताना मीच त्यांना तो गेम शिकवला होता. जादू संपली की निळी बाटली प्यायची, ती परत भरते, एवढं सोपं. पण ते प्रत्येक लढाईत मरायचे आणि झोळी बाटल्यांनी गच्च भरलेली.

"अहो अण्णा, प्या की."

"राहू दे. पुढे मोठा राक्षस येईल, तेव्हा लागतील."

शेवटच्या आठवड्यात नाशिकरोडच्या घरी ते नुसते कण्हत पडलेले असायचे. उशी बदलताना खाली रुमाल सापडला. आई रोज हातावर ठेवायची त्या सगळ्या पेनकिलर त्यात बांधलेल्या.

"अण्णा, घेतल्या का नाहीत?"

"अजून मोठं दुखणं यायचंय ना."