सोळा रिकामी घरं

बसा, बसा मंडळी. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, खुर्च्या आहेत. कायझर्सलाउटर्नच्या आपल्या मंडळातले सगळे आलात, ऑर्केस्ट्रातले लोक आलेत. फ्राउ लेन्झ, माझं मराठी तुम्हाला कळणार नाही, नंतर आमचा निखिल जर्मनमध्ये सांगेल. मला एरवी बोल म्हणून सांगावं लागत नाही, उलट गप्प बस म्हणावं लागतं. आज सकाळपासून मात्र तोंड उघडलं की रडूच येतंय. तरी बोलते. सासऱ्यांबद्दल सुनेनंच बोलावं, कारण खरं काय ते तिलाच माहीत असतं.

बाबा गेल्या गुरुवारी गेले. जेवले, "आमटी बरी झालीय" म्हणाले, टेबलाशी लिहायला बसले आणि गेले. "बरी" म्हणजे त्यांच्याकडून पैकीच्या पैकी हो!

बाबा पुण्यात पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. धरणांची ड्रॉइंग्ज ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवण्यात सगळी नोकरी झाली. आई गेल्या आणि आम्ही त्यांना इकडे आणलं. जर्मन शून्य. आमच्या इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये. म्हणजे आजोबा आणि नात एका सोफ्यावर, आणि नातीचं बोलणं आजोबांपर्यंत माझ्यामार्फत. हे माझ्यामार्फत होतं, म्हणून तर आज मला बोलायचंय.

इरा ऑर्केस्ट्रात व्हिओला, म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, वाजवते. इथल्या चर्चच्या कपाटात एका कापेलमाइस्टरच्या हस्तलिखितांचा गठ्ठा आहे. कापेलमाइस्टर म्हणजे दरबारचा संगीतप्रमुख. रचना त्याची, आणि वादकांसमोर उभं राहून ती वाजवून घेणाराही तोच. सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा माणूस. लढाई आली, संस्थानिक पळाला, दरबारचे वादक पांगले. हा मात्र गेला नाही. त्यानं गावातला गिरणीवाला धरला, चांभार धरला, त्यांना शिकवलं आणि ज्याला जेवढं जमेल तेवढंच लिहून दिलं. चांभाराला चारच सूर येतात? मग त्याला चारच सूर. हे मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "अगं मेधा, हे तर आपले मास्तर!" तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव मास्तर.

त्यातली एक रचना ऑर्केस्ट्राला वाजवायची होती, पण शाई इतकी उडालेली की कॉम्प्युटरला काही वाचता येईना. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या फ्राउ लेन्झनी मोठे फोटो काढून दिले आणि बाबा म्हणाले, "आणा इकडे." त्यांना यातला एक सूर कळत नव्हता. पण नक्कल कशी करायची हे त्यांना कोण शिकवणार? प्रत्येक वादकाचं पान वेगळं, प्रत्येक पान सुरेख.

आणि मग ती माशी. माशीला माशी नक्कल म्हणतो ना आपण? बाबांनी खरोखर केली. जुन्या कागदावर माशीनं घाण केली होती, ती एका सुराच्या पुढे. बाबांनी तिथं छान गोल टिंब दिलं. सुरापुढे टिंब आलं की तो सूर लांबतो. तालमीत सगळे थांबले आणि आमची इरा एकटीच वाजवत राहिली. सगळे हसले. तेरा वर्षांची मुलगी, तिला काय वाटलं असेल!

घरी येऊन तिनं पान टेबलावर आपटलं. आजोबांना ती आबा म्हणते. जर्मनमध्ये म्हणाली, "आबांना कळत तर काही नाही, मग लिहितात कशाला?" ती पाय आपटत खोलीत गेली तेव्हा बाबांनी मला विचारलं, "काय म्हणत होती गं?" आणि मी सांगितलं, "पान आवडलं म्हणत होती, बाबा."

मंडळी, मी खोटं बोलले. दोघांचं मन राखायला गेले आणि त्या दोघांना भांडायचीसुद्धा संधी दिली नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी ब्लेडनं ते टिंब खरवडलं आणि मला म्हणाले, "इराला सांग, काढलं." म्हणजे त्यांना कळलं होतं. ग्रंथालयातून मुलांचं संगीताचं पुस्तक आणलं आणि बहात्तराव्या वर्षी सूर वाचायला शिकले.

इराची एक खोड होती. मध्ये थांबायचं असलं की हिला धीरच नाही, आधीच सुरू व्हायची. ती खोलीत वाजवायची आणि बाबा स्वयंपाकघरातून मोजायचे, "एक... दोन... अगं थांब, तीन..." हळूहळू ती थांबायला लागली.

आता शेवटचं पान. हे बघा, इथं स्टँडवर ठेवलंय. ओबोचं. ओबो म्हणजे आपल्या सनईचा चुलतभाऊ. हे वाद्य गिरणीवाल्याचं. वर त्याचं नाव आहे आणि नावापुढे क्रूस. म्हणजे तो वारला होता. मास्तरांनी त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही. त्याच्या नावानं पान केलं आणि त्यात सोळा रिकामे बार लिहिले. बार म्हणजे पानावर उभ्या रेघांनी पाडलेले ठरावीक मात्रांचे भाग, बाबांच्या भाषेत घरं. प्रत्येक घरात फक्त थांबण्याची खूण.

फ्राउ लेन्झ म्हणाल्या, काहीच वाजवायचं नाही तर पान कशाला? बरोबरच होतं त्यांचं. बाबा म्हणाले, "मेधा, त्यांना सांग, मास्तरांनी जागा ठेवलीय. आपण काढायची नाही." या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. गुरुवारी ते हेच पान उतरवत होते. सोळाही घरं पूर्ण आहेत. शाई वाळायची होती.

परवा इरानं मला विचारलं, "मम्मा, तू त्या टिंबाच्या वेळी आबांना काय सांगितलं होतंस?" मी खरं ते सांगितलं. ती रडली. मग उठून तिनं त्या पानावर गिरणीवाल्याच्या खाली आबांचं नाव लिहिलं. मराठीत. अक्षर वाकडं आलंय, राहू दे.

मंडळी, आता उभे राहूया. ही सोळा रिकामी घरं इरा मोजणार आहे. ती अजूनही जर्मनमध्येच बोलते, पण थांबायचं असलं की मराठीत मोजते. तिला तसंच येतं. सोळा होईपर्यंत कुणी हलू नका.

इरा, ये बाळा. कर सुरू.