फलक नेल्याबाबत, आणि तीन वेळा 'हो' म्हटल्याबाबत

नाव: नेई तेइमा तोआकाई. 'नेई' हे आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने लावतात. इथल्या कागदांत ते नावातच शिरलंय, राहू दे. वय: पासपोर्टप्रमाणे अठ्ठ्याहत्तर. आई म्हणायची, नारळ वाळले त्या वर्षी जन्मले. धंदा: चटया विणणे. हवालदारबाईंनी आधी 'काही नाही' लिहिलं होतं, ते खोडायला लावलं. राहणार: थोरल्या मुलाकडे, वुडरिज, ब्रिस्बेनच्या दक्षिणेस. मूळ गाव: अबायांग बेट, किरिबाटी. शिक्षण: नाही.

विचारल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगते ते असं. मी आमच्या भाषेत बोलते, चर्चमधली रोटिया ते इंग्रजीत सांगते आणि हवालदार केरी लिहून घेतात. रोटियाला माझं बोलणं गोड करायची खोड आहे. तिला बजावलंय, "साखर घालू नकोस गं. मीठ आहे ते मीठच राहू दे."

मारेवेन ही माझ्या मुलीची मुलगी, वय बावीस. इथल्या विद्यापीठात नर्सचं शिक्षण घेते, तिसरं वर्ष. सगळ्या परीक्षा पास. आमच्या गावच्या दवाखान्यात एकच नर्स आहे आणि ती माझ्याहून थकलेली आहे. मारेवेन शिकून तिच्या जागी जाणार, हे ती निघाली त्या दिवशीच ठरलंय.

यंदा मोठ्या देशांचं आपसात बिनसलं. आमच्या समुद्रात कुणाचं तरी जहाज येऊन उभं राहिलं. आम्ही बोलावलं नव्हतं. तेव्हापासून इथली व्हिसा कचेरी बेटांवरच्या मुलांना एकेकटं बसवून विचारते, तुम्ही खरंच शिकायला आलात का? भांडण शार्कांचं आणि चौकशी बांगड्याची.

दिनांक तीन, सोमवार, सकाळी दहा वाजता मारेवेनची चौकशी पडद्यावरून झाली. खोली विद्यापीठाची. परदेशी विद्यार्थ्यांच्या मदत कक्षाच्या प्रमुख लिंडलबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. पडद्यावरच्या साहेबांनी तीन प्रश्न विचारले. शिक्षण पूर्ण करणार का? वर्गाला नियमित जातेस का? शिकून झाल्यावर मायदेशी परतणार का? तिन्ही वेळा मारेवेनने भुवया उंचावल्या.

आमच्याकडे भुवया उंचावणं म्हणजे 'हो'. मोठ्या माणसासमोर तोंड वाजवायचं नाही, भुवया वर न्यायच्या. लग्नाचा होकारही मी तसाच दिला होता, आणि अठ्ठेचाळीस वर्षं निभावला. साहेबांनी तीन वेळा लिहिलं, 'उत्तर दिले नाही.'

हवालदारबाईंनी विचारलं की मुलगी तीन वर्षं इथे राहते, मग तोंडाने का बोलली नाही. रास्त प्रश्न आहे. एरवी ती माझं डोकं खाते. पण घाबरलेलं माणूस आपल्या घरच्याच भाषेत घाबरतं.

लिंडलबाईंना हे ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी विद्यापीठात बेटांचा सण झाला, तेव्हा मी विणलेली फुलांची माळ डोक्यावर घालून त्या दिसेल त्याला भुवया उंचावून दाखवत होत्या. मासा वाढू का, असं मी विचारलं की भुवयांनीच 'हो' म्हणायच्या. तीनदा घेतला. त्या सोमवारी मात्र त्या खोलीत शेवटपर्यंत गप्प बसल्या.

दिनांक दहा रोजी पत्र आलं. व्हिसा रद्द. काही म्हणणं असेल तर पुराव्यासह एकवीस तारखेच्या शुक्रवारपर्यंत मांडावं, नाहीतर देश सोडावा.

मारेवेन मदत कक्षात चार वेळा गेली. मागणं एकच होतं, 'मी तिथे होते, तिने हो म्हटलं,' एवढं लिहून द्या. तिला एक पुस्तिका मिळाली, एक सफरचंद मिळालं, आणि श्वास कसा घ्यावा याचा अर्ध्या तासाचा वर्ग मिळाला. पोर जन्मल्या मिनिटापासून श्वास घेतेय. सुईण मीच होते.

त्या पत्रापासून मारेवेन घरात भुवया हलवत नाही. भात वाढू का विचारलं की "येस, आजी" म्हणते. याबद्दल मला आणखी काही सांगायचं नाही.

दिनांक अठरा, मंगळवार, सकाळी साडेदहाला मी तिच्याबरोबर मदत कक्षात गेले. बोलणं झालं ते असं. मी म्हटलं, "लिंडलबाई, दोन ओळी द्या."

"आजी, आम्ही पूर्णपणे मारेवेनच्या पाठीशी आहोत."

"पाठीशी काय करता? पुढे या. साहेब समोरून विचारत होता."

"चौकशीत आम्हाला नुसतं बसता येतं. मत देता येत नाही."

"मत कोण मागतंय? डोळ्यांनी पाहिलं ते सांगा."

"कायदा विभागाला विचारलंय. तीन आठवडे तरी लागतील."

"शुक्रवार तीन दिवसांवर आलाय."

"मला फार वाईट वाटतं हो, आजी."

"मग तेही लिहा. वाईट वाटतं, आणि खाली सही."

मारेवेनने हे मऊ करून सांगितलं असणार, कारण बाई हसल्या.

मी बाहेर येऊन दारापाशी चटई पसरली आणि बसले. समोरच्या भिंतीवर माणसाच्या दीडपट उंचीचा कापडी फलक टांगलेला होता. त्यावर आमची मारेवेन. डोक्यावर माझी माळ, तोंडभर हसू, दोन्ही भुवया वर. सणाच्या दिवशी काढलेला फोटो. मी विचारलं, "तुझ्या हनुवटीखाली काय लिहिलंय?"

"सोड ना, आजी."

"वाच."

तिने वाचलं, 'इथे शिकायचंय? आमच्या बेटांवर भुवया उंचावल्या म्हणजे हो!' आणि त्याखाली विद्यापीठाचं चिन्ह. मी पुन्हा वाचायला लावलं. मला अक्षर येत नाही, पण पत्र कशाला म्हणतात ते कळतं. आम्ही मागत होतो ते विद्यापीठाने केव्हाच लिहून, छापून, भिंतीवर टांगलं होतं. मारेवेनने चार खेपा घातल्या त्या त्याच्याच खालून.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी काठीने दोन कड्यांतून फलक सोडवला, चटईत गुंडाळला आणि चालू लागले. दार त्यांच्याच पहारेकऱ्याने धरलं. "सांभाळून, आजी," असंही म्हणाला. मारेवेन त्या वेळी माझ्यासाठी पाणी आणायला गेली होती. तिचा यात हात नाही, हे ठळक लिहावं.

विद्यापीठाने चोरीची तक्रार दिली आहे, ती मला ऐकवली. फलक मी नेला, हे खरं. पण त्यावरचा चेहरा माझ्या नातीचा, माळ माझी, आणि 'हो' आमच्या बेटाचं. त्यांचा म्हणावा तर कपडा आणि दोन कड्या. कड्या तिथेच आहेत. तक्रारीखाली लिंडलबाईंची सही आहे आणि ती त्याच दुपारी दोन वाजता आली. त्यासाठी कायदा विभागाला तीन आठवडे लागले नाहीत.

फलक सध्या तुमच्याकडे आहे का, असं हवालदारबाईंनी विचारलं. मी उत्तर दिलं. त्यांनी काय लिहिलं ते रोटियाला वाचायला सांगितलं. लिहिलं होतं, 'उत्तर दिले नाही.'

इथे माझा आवाज चढला. काठीही आपटली, टेबलाला लागली असेल. मी म्हटलं, "अगं पोरी, तासभर मी काय समुद्राला सांगत होते? बघ माझ्याकडे. माझ्या कपाळाकडे बघ!" हवालदारबाई लाल झाल्या. त्यांनी ओळ खोडली, खोडल्या जागी सही केली आणि वर लिहिलं, 'भुवया उंचावून हो म्हणाल्या.'

फलक मी चटईतून काढून हवाली केला आहे. चटई दिलेली नाही. शिक्षा काय असेल ती होऊ दे. माझी विनंती दोनच गोष्टींची. फलकावरचा मजकूर शब्द न् शब्द या कागदात राहावा. आणि या जबाबाची, त्या खोडलेल्या ओळीसकट, शिक्का मारलेली नक्कल मला आजच मिळावी. आज बुधवार आहे, आणि पुरावा शुक्रवारपर्यंत व्हिसा कचेरीत पोचायचा आहे. खोलीत बसून पाहणाऱ्यांना जे लिहिता आलं नाही, ते हवालदारबाईंनी लिहिलं, चुकून का होईना.

हा सगळा मजकूर रोटियाने मला आमच्या भाषेत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवला. दोन जागी साखर सापडली, ती काढायला लावली. मी बोलले तसंच उतरलंय का, असं मला विचारण्यात आलं. मी भुवया उंचावल्या.

डाव्या हाताचा अंगठा: नेई तेइमा तोआकाई

लिहून घेणार: हवालदार केरी. शेरा: जबाब देणाऱ्या 'हो' म्हणाल्या. नक्कल दिली.