काजू फोडणाऱ्या बायका

कोल्हापूर स्टँडवर आजऱ्याच्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारी आणि हाताला पट्टी बांधलेली एक मुलगी बसली होती.

"पोरी, हाताला काय झालं?"

"काल काजू फोडायला बसले होते, मावशी. सालीतलं तेल लागून भाजलं."

"हाताला राख न लावता बसलीस व्हय? शिकलेली दिसतीस की."

"विद्यापीठात संशोधन करते. आफ्रिकेतले काही देश कच्चा काजू बाहेर पाठवणं थांबवतायत. त्यानं आपल्याकडं काय होतंय, ते बघते."

"मला इचार की. माल न्हाय म्हणून कारखान्यानं महिनाभर घरी बसवलंय. का थांबवत्यात?"

"तिथल्या बायकांना तिथंच काम मिळावं म्हणून."

"म्हंजे आमचं काम त्यांच्याकडं गेलं."

"हो. सर म्हणाले, अहवाल वाचून लिही, पुरे. मी नाही म्हटलं, स्वतः काम करून बघणार. आज परत फोडायला बसणार आहे."

"ह्या हातानं?"

"दुसरा आहे की."

"मग माझ्याकडं ये. घरामागच्या परड्यातलं काजू हाईत. तिकडं आफ्रिकेतल्या बायकांशी बोलतीस का?"

"सोमवारी फोनवर बोलणार आहे."

"मग माझा एक निरोप सांग."

"काय सांगू?"

"राख लावल्याबिगर बसू नगा म्हणावं."