विकांतारीच्या मापाचा मंडप

नाव : इ नेंगा सुमेर्ता. वय : अठ्ठेचाळीस वर्षे. शिक्षण : गावच्या शाळेत सहावीपर्यंत. धंदा : बांबूकाम, तसेच बांबूची रचना शिकवणाऱ्या संस्थेत कार्यशाळेचा शिक्षक. राहणार : उमाजेरो वाडी, पूर्व बाली.

वरील नावाचा मी, ठाण्यातून बोलावणे आल्यावरून आपल्या पायांनी येथे आलो असून, संस्थेने माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला समजावून सांगण्यात आली. त्यावर माझ्या तोंडाने सांगतो ते असे :

गेल्या शुक्रवारी सकाळी मी अंघोळ केली, घरच्या देवळीत फुले ठेवून उदबत्ती लावली आणि कॉफी न घेता संस्थेत गेलो. कोयता नेला नाही, कारण संस्थेच्या आवारातल्या बांबूच्या मंडपाच्या गाठी कापायच्या नव्हत्या, सोडायच्या होत्या. त्यातल्या बऱ्याच गाठी माझ्या होत्या, काही विकांतारीच्या. तिच्या गाठी ओळखू येतात. शेवटचा वेढा ती उलटा घेत असे. मी अनेकदा बोललो तरी तिने ती सवय सोडली नाही. त्या गाठी सोडायला जास्त वेळ लागला.

नी लुह विकांतारी ही संस्थेत शिकणारी मुलगी. आमच्याच वाडीतली. वडील नाहीत, आई नी केतुत रास्मिनी बाजारात तांदळाचे गोड पदार्थ विकते.

संस्थेत शिकवण्याची रीत अशी आहे की पहिला महिना संगणक बंद असतो. मुलांनी कामट्या भिजवायच्या, मोडेपर्यंत वाकवायच्या आणि मोडण्याच्या आधीचा बाक कोळशाने भिंतीवर उतरवायचा. ते बाक मग रचना शिकवणारे हार्यो सर संगणकात घालतात. सर जावा बेटावरचे आहेत. संगणकात मंडपाचा आकार थोड्या आकड्यांवर उभा असतो. एक आकडा हलवला की खांब, कमानी, छप्पर सगळे आपापले त्याच्यामागे जाते. मुले आधी छोटे नमुने करतात आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक मंडप उभारायचा असतो.

विकांतारीच्या कामट्या सर्वांत जास्त मोडत. मी म्हणालो, "बाई, बांबू फुकट येत नाही." ती म्हणाली, "काका, ही अजून वाकेल. नुसती घाबरलीय." आणि ती मोडली. मोडलेल्या कामट्या ती टाकत नसे. दोऱ्याने बांधून कार्यशाळेच्या वळचणीला टांगत असे. त्या अजून तिथे आहेत. त्या मी काढलेल्या नाहीत.

मला संगणक कसा येतो, असे विचारल्यावरून सांगतो की तिनेच शिकवला. "काका, माऊस आहे तो, कोयता नाही. हळू धरा," असे म्हणत असे. तिने मला आकडा बदलायला शिकवले, मी तिला गाठ शिकवली.

आकडे कशाचे घ्यायचे याबद्दल वर्गात बोलणे चालले होते. मी सांगितले की माझे वडील घर बांधताना मालकाच्या अंगाचे माप घेत. पसरलेले दोन्ही हात, कोपरापासून बोटापर्यंतचा हात, मूठ. त्या मापाची एक काठी तासत आणि सगळे घर त्या काठीने मोजत. मापाच्या शेवटी एक बोट जास्त धरत. ते बोट जिवाचे. ते नसेल तर घर उभे राहते, पण जिवंत होत नाही. हार्यो सर खुर्चीवरून उठले. म्हणाले, "काका, हे इतके दिवस पोटात ठेवून होतात? मी मुलांना हेच तर शिकवतोय. आपण एकाचं माप घेऊ आणि सगळा मंडप त्याच्यावर उभा करू."

विकांतारी लगेच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "काका, पोट आत घेऊ का?"

"हात पसर. पोटाचं माप कोणी मागितलं नाही."

सर म्हणाले, "तू बुटकी आहेस गं. आम्ही आत कसे शिरणार?"

ती म्हणाली, "सगळीकडे दारं तुमच्याच उंचीची असतात, सर. एका ठिकाणी वाकून यायला काय होतं?"

मुले हसली. मी तिच्या दोन्ही हातांच्या टोकांना भिंतीवर कोळशाने खुणा केल्या आणि त्या मापाची, एक बोट वाढवून, काठी तासली. दोन खांबांमधले अंतर ती एक काठी. मंडप झाल्यावर सरांचे डोके पहिल्या आठवड्यात रोज कमानीला लागले. ती आतून ओरडत असे, "वाका, सर, वाका!"

सरस्वतीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडे विद्यार्थी समुद्रावर स्नानाला जातात. मंडप झाल्यानंतरच्या सणाला सगळा वर्ग गेला. लाट आली. बाकीचे बाहेर आले. त्याबद्दलचे जबाब त्या वेळी याच ठाण्यात झालेले आहेत, म्हणून मी पुन्हा सांगत नाही. विकांतारीचा देह मिळाला नाही.

शोध थांबल्यानंतर तिची आई मंडप पाहायला आली. कमानीखालून न वाकता आत गेली आणि दोन खांबांच्या मध्ये उभी राहून तिने हात पसरले. दोन्ही बाजूंच्या खांबांना हात पोचेनात. ती म्हणाली, "माझ्याहून मोठी झाली होती. लक्षातच आलं नाही." मग पाठ कमानीच्या बाकात टेकून बसली. त्यानंतर ती बाजार आटोपल्यावर रोज येऊ लागली. कॉफी आणि खाण्याची ताटली आणून आत ठेवत असे. पहिल्यांदा मला वाटले नैवेद्य आहे. मग दिसले की ताटलीत चमचा आहे. नैवेद्याला चमचा नसतो.

ऊन उतरले की वाळता बांबू टकटक वाजतो. ज्याने बांबूत काम केले आहे त्याला हे माहीत असते. रास्मिनी तिथे बसलेली असे आणि प्रत्येक आवाजाला "हं" म्हणत असे. मध्येच "मग?" म्हणत असे. मी झाडलोट करताना हे ऐकलेले आहे. एकदा तिने "मग?" म्हटले आणि पुढचा आवाज आला नाही. ती वाट पाहत राहिली. मीही झाडू धरून उभा राहिलो. मुले दुपारी मंडपात झोपत असत, ती झोपेनाशी झाली. का, असे मी कोणाला विचारले नाही.

एक दिवस मी काठी घेऊन खांबांमधले अंतर मोजले. एक बोट कमी भरले. बांबू वाळतो, गाठी आवळतात, अंतर कमी होते. असे इतर मंडपांतही होत असेल. पण इतर मंडप मी कधी मोजायला गेलो नव्हतो. हे मी रास्मिनीला सांगितले नाही.

आमच्या वाडीचे सामुदायिक दहन या महिन्यात ठरले होते. देह नसला तरी त्याच्या जागी दुसरे काही ठेवून विधी करता येतो. मी पुजाऱ्यांना घेऊन रास्मिनीकडे गेलो होतो. ती पदार्थ केळीच्या पानात बांधत होती, हात न थांबवता बोलली. "ती गेली असं कोणी सांगितलं? समुद्राने सांगितलं? पुजारीबाबा, तुम्ही बसा, खा. पण त्या कामासाठी आला असाल तर आधी तिला जाऊन विचारा. ती तिथे बसलीय." पुजारी खाऊन उठले. वाटेत मला म्हणाले, "नेंगा, या बाईने मुलीला दारात अडवून धरलंय. आत घेता येत नाही, बाहेर सोडवत नाही." काठी मीच तासली होती.

यानंतर संस्थेने मंडप एका हॉटेलला द्यायचे ठरवले. समुद्राकाठी हॉटेलच्या बागेत हा मंडप नेऊन ठेवायचा आणि त्याच आकाराचे आणखी मोठे मंडप जेवणाच्या टेबलांसाठी करायचे, असा करार झाला. हार्यो सरांनी मला कार्यशाळेत बोलावून संगणकावर मोठा मंडप कसा होईल ते दाखवले. त्यांनी हातांच्या पसाऱ्याचा आकडा वाढवत नेला. पडद्यावर खांब दोन्ही बाजूंना सरकले, कमानी ताणल्या गेल्या. रास्मिनी आमच्यासाठी कॉफी घेऊन मागे उभी होती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते.

ती म्हणाली, "सर, तिचे हात का ओढताय?"

सरांनी आकडा होता तिथे परत आणला. म्हणाले, "नाही, मावशी. हे नुसतं चित्र आहे."

"मग तुमच्या कपाळाला घाम का आलाय?"

सरांनी संगणक मिटला. कॉफी कोणी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आली. ओसरीवर बसली नाही. म्हणाली, "दादा, दहन कधी आहे?" मी दिवस सांगितला. ती म्हणाली, "ती इथे आहे असं मी धरून बसले, म्हणून त्या हॉटेलवाल्यांना ती सापडली. आता ते तिला गावोगावी उभी करतील. लोक तिच्यात बसून मासे खातील. मला ती उतरवून द्या. मी तिला पाठवते."

मी तिला सांगितले की मंडप संस्थेचा आहे. मग मी हार्यो सरांकडे गेलो आणि मंडप दहनासाठी मागितला. सर म्हणाले, "काका, माझ्या हातात असतं तर मीच खांदा दिला असता. सही झालीय. सोमवारी ट्रक येतोय." मी विचारले, आकड्याचे काय? ते म्हणाले, "आकडा तर हॉटेलला द्यावाच लागेल. बांबू जुना होतो. त्यांना आकडाच हवाय." मी दोन रात्री नीट झोपलो नाही. प्रार्थना केली. उत्तर मिळाले असे मी म्हणणार नाही. पण शुक्रवारी सकाळी मी संस्थेत गेलो.

मंडपाच्या कमानी एवढ्या मोठ्या असताना एकट्याने कशा उतरवल्या, असे विचारल्यावरून सांगतो की मी एकट्यानेच उतरवल्या. कमानीचे दुसरे टोक कोणी धरले, असे पुन्हा विचारल्यावरून सांगतो की देवाने. वर्गातली मुले त्या वेळी कुठे होती ते मला माहीत नाही.

बांबू स्मशानात नेला. पुजाऱ्यांच्या सांगण्यावरून देहाच्या जागी ती काठी पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवली. काठी गुंडाळण्याआधी रास्मिनीने ती मांडीवर आडवी घेतली होती. शनिवारी वाडीतल्या इतरांबरोबर दहन झाले. मंडपाचा बांबू त्यात जळला. बंद पेरे फुटतात तेव्हा मोठा आवाज होतो. प्रत्येक आवाजाला रास्मिनी "जा" म्हणत होती. राख समुद्रात सोडली. तिथे रास्मिनी पाण्याजवळ गेली नाही. लांब वाळूवर बसून राहिली. परत येताना वाटेत तिने पहिल्यांदा मला विचारले, "दादा, तुम्ही काही खाल्लं का?"

हार्यो सर दहनाला आले होते की नाही, असे विचारल्यावरून सांगतो की स्मशानात गर्दी होती. शुक्रवारी दुपारी मात्र ते मंडपाच्या जागी आले. तोवर तिथे काहीच उरले नव्हते, नुसती खांबांची भोके होती. ते चालत आले आणि जिथे कमान होती तिथे वाकले. मग आत येऊन सरळ उभे राहिले. म्हणाले, "काका, मी जेवायला जातो. मला तक्रार करावी लागेल." मी म्हणालो, करा.

संगणक कोणी उघडून दिला, असे विचारल्यावरून सांगतो की तो उघडाच होता. सर जेवायला जाताना नेहमी बंद करून जातात हे खरे आहे. त्या दिवशी उघडा होता. याहून जास्त मला माहीत नाही.

बांबू उतरवूनही काम झालेले नव्हते, हे मला ठाऊक होते. आकडा असेपर्यंत ती कुठेही पुन्हा उभी राहू शकत होती, कोणाही अनोळखी माणसाच्या हाताने, कितीही ताणलेली. आकडा नुसता पुसला तर हॉटेलला द्यायला संस्थेकडे काही राहणार नव्हते आणि ते नुकसान सरांच्या माथी आले असते. म्हणून मी कार्यशाळेच्या भिंतीला पाठ लावली, हात पसरले आणि टोकांना स्वतःच खुणा केल्या. नीट जमले नाही, दोनदा कराव्या लागल्या. ते माप घेतले, त्यात माझे बोट मिळवले आणि विकांतारीचा आकडा काढून तिथे माझा घातला. मंडप पडद्यावर हलला आणि उभा राहिला. हॉटेलला मंडप मिळेल. तो आता एका जिवंत माणसाच्या अंगाचा आहे. त्यात बसून लोकांनी मासे खाल्ले तर माझी हरकत नाही. अंगाचे माप असे परक्याला द्यायचे नसते, हे मला वडिलांनी सांगितलेले आहे. ते समजून मी माझे दिले आहे.

जुना आकडा आठवतो का, असे विचारल्यावरून सांगतो की नाही.

कार्यशाळेतून निघण्यापूर्वी तिच्या दोन कोळशाच्या खुणा मी ओल्या फडक्याने भिंतीवरून पुसल्या. माझ्या राहू दिल्या.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मधे एकदा मी थांबवून रास्मिनीचे नाव नीट लिहून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, त्यात वाढवायचे किंवा गाळायचे काही नाही, म्हणून खाली सही करतो.

इ नेंगा सुमेर्ता