सासूबाईंचा हात आणि शंभर अंश

...नाही, पण मी म्हणतो, कुणी सांगितलं होतं मला? चांगलं चाललं होतं की! शनिवारी दुपारी बारा वाजता बटण दाबायचं आणि सोमवारी सकाळी नऊला तयार फिल्म उचलायची, एवढंच काम होतं. मंगळवारी दहाला आर्किटेक्टबाईंची समितीसमोर बैठक, म्हणजे मध्ये अख्खा दिवस मोकळा. माणसाने काय करावं? झोपावं! पण नाही. मला घाई! कसली घाई? तुम्हाला सांगतो, अजून आठवत नाही.

थांबा, आधी माझं काम सांगतो. मी न बांधलेल्या इमारती दाखवतो. हसू नका. आर्किटेक्टने कागदावर काढलेली इमारत मी कॉम्प्युटरमध्ये उभी करतो, तिच्यात ऊन सोडतो, दारं उघडतो, आणि तुम्ही तिच्यातून चाललायत असं तीस सेकंद दाखवतो. तीस सेकंदांची नऊशे चित्रं, आणि एकेका चित्राला कॉम्प्युटर घेतो तीन मिनिटं. करा गुणाकार... पंचेचाळीस तास! या वेळची इमारत होती ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा. सगळे वर्ग गोल. का गोल? अहो, ती मुलं हातांनी बोलतात ना! मग प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसायला नकोत? हे आर्किटेक्टबाईंचं डोकं. दोन वर्षं घासत होत्या त्या नकाशांवर, आणि समितीपुढे असे तीन नकाशे जाणार, त्यातला एक निवडणार. म्हणजे काम काही गमतीचं नव्हतं.

आणि अशा वेळी मी कुणाला फोन केला? गिगाला. गिगा म्हणजे माझ्या जुन्या ऑफिसातला मित्र. 'अजून बेचाळीसवर चालवतोयस?' असा ओरडला, जणू मी अनवाणी हिंडतोय! 'लाज नाही वाटत? पन्नासवर टाक! नऊ तासांच्या आसपास... छे, सात तरी वाचतीलच!' आता कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, त्याला बनवणाऱ्याने एक वेग ठरवून दिलेला असतो, माझ्याचा बेचाळीस. तो आपण मागच्या दाराने वाढवायचा, याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग. मला वाटलं, एक आकडा तर बदलायचाय! बेचाळीस खोडला, पन्नास टाकला, बटण दाबलं. एक चित्र... दोन... सात चित्रं झाली, आणि फट्! पडदा निळा. सगळं ठप्प.

फोन. 'गिगा, निळा झाला रे!' 'अरे भिऊ नकोस, वीज कमी पडतेय त्याला, व्होल्ट वाढव!' वाढवले. पंखा असा किंचाळायला लागला की शेजारच्या खोलीतून बायको म्हणाली, 'अहो, मिक्सर बंद करा.' आणि तापमान? शंभर! शंभर अंश, तुम्हाला सांगतो, पाणी उकळतं त्यावर! मग प्रोसेसर काय करतो, जीव वाचवायला आपणहून वेग पाडतो. पन्नासचा झाला छत्तीस. एकेका चित्राला साडेतीन मिनिटं! म्हणजे मी वेग वाढवला आणि उशीर झाला! हे फक्त मलाच जमू शकतं. व्होल्ट कमी केले की निळा, वाढवले की शंभर. निळा, शंभर, निळा, शंभर... यात शनिवार गेला आणि रविवारची सकाळही गेली. रविवारी अकरा वाजता हिशोब केला, तर मुकाट्याने परत बेचाळीसवर आलो असतो तरी मंगळवारी आठ वाजणार होते. दोन तासांचा काय तो श्वास उरला होता. आणि बेचाळीसवर तरी भरवसा कुठे होता? इतके आकडे बदलले होते, की कुठला आकडा पूर्वी कुठे होता तेच विसरलो होतो.

तेवढ्यात दारात सासूबाई.

सासूबाई आमच्याकडे गुडघ्याच्या उपचारासाठी आलेल्या. उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. निवृत्त होण्यापूर्वी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलर सांभाळायच्या. रोजच्या दोन हजार चादरी, आणि त्यांना लागणारी वाफ या बाईंच्या हाती. हे मला लग्नापासून माहीत होतं हो, पण माहीत असणं म्हणजे आपलं... तुमच्या मामांना पोहता येतं, हे जसं तुम्हाला माहीत असतं तसं.

दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, 'जावईबापू, हे धापा टाकतंय.' मी म्हटलं, 'हो आई, जरा तापलंय.' 'जरा नाही,' म्हणाल्या, 'हा आवाज जराचा नाही.' आणि खुर्ची ओढून बसल्या. आता लक्षात घ्या, या बाईंना माउस धरता येत नाही! नातवंडांचे फोटो बघताना माउस उचलून हवेत फिरवतात! आणि बसल्या माझ्या प्रोसेसरसमोर!

'हे आठ आकडे कसले?'

मी सांगितलं, 'आई, प्रोसेसरच्या आत आठ छोटे मेंदू असतात, त्यांचं तापमान आहे.'

'आठही जण एकच काम करतायत?'

'हो.'

'सारखंच?'

'हो, आई.'

'मग हे एका बाजूचे चौघेच का पेटलेत?'

मी बघितलं. चार आकडे अठ्ठ्याण्णवच्या पुढे, चार आकडे एकोणऐंशीच्या आसपास. दीड दिवस मी त्या पडद्याकडे टक लावून बसलो होतो, मला दिसलं होतं फक्त सगळ्यात मोठं शंभर! या बाईंना आठ दिसले! 'एकच बाजू तापते,' म्हणाल्या, 'म्हणजे कुणीतरी वाकडं बसलंय. उघडा.'

यंत्र टेबलाखालच्या बंद कप्प्यातून बाहेर काढून उघडलं. प्रोसेसरच्या डोक्यावर एक तांब्याचा ठोकळा असतो, तो उष्णता ओढून पंख्याकडे नेतो, आणि दोघांच्या मध्ये राखाडी पेस्ट, म्हणजे मध्ये हवा राहू नये. ठोकळा काढून बाईंनी तो उलटा केला, उजेडात धरला. एका बाजूला पेस्ट पातळ, एकसारखी पसरलेली. दुसऱ्या बाजूला जाड गोळा, जसा ठोकळा तिथे टेकलाच नाही! चौथा स्क्रू अर्धाच आवळलेला. 'कुणी बसवला हा?' मी म्हटलं, 'असेल... कुणीतरी.' बायको मागून म्हणाली, 'गेल्या वर्षी यांनीच धूळ काढायला उघडला होता.' घरचे लोक कसे असतात, बघा!

पुसलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट घातली. मी स्क्रू आवळायला गेलो, तर हातावर चापट. 'एकच पूर्ण आवळायचा नाही. समोरासमोरचे थोडेथोडे. बॉयलरचं झाकण असंच बसवतात.' थोडा हा, थोडा तो, परत हा, परत तो. मी शाळकरी पोरासारखा आवळतोय, आणि या बाईंना माउस धरता येत नाही!

झालं? छे! म्हणाल्या, 'सुरू करा, आता हवा बघू.' टिशू पेपरची एक पट्टी फाडली, पुढच्या जाळीपाशी धरली. पट्टी आत ओढली गेली. ठीक. मागच्या जाळीपाशी धरली... तिथेही आत ओढली गेली! बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं... 'जावईबापू, हवा पुढून आत येते, मागून आत येते. मग बाहेर कुठून जाते?' मागचा पंखा उलटा बसलेला. कुणी बसवला, ते आता मी सांगत नाही. बायकोने तोंड उघडलं होतं, मी म्हटलं, 'कळलं!' पंखा फिरवला, यंत्र परत कप्प्यात न कोंबता बाहेरच ठेवून सुरू केलं. तर सासूबाईंनी मागच्या जाळीपाशी तळहात धरला, डोळे मिटले. किती वेळ? सहा-सात सेकंद. म्हणाल्या, 'पंचेचाळीस.' मी स्वयंपाकघरातून थर्मामीटर आणला, तिथेच धरला. शेहेचाळीस! एका अंशाचा फरक! मी म्हटलं, 'आई...' तर म्हणतात कशा, 'हात म्हातारा झाला.'

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी गेली बारा वर्षं पडद्यावर ऊन पाडतोय, आणि या बाई ऊन हाताने मोजतात!

मग वही मागितली. साधी वही. म्हणाल्या, 'आता वाढवा. पण एका वेळी एकच गोष्ट. दोन एकदम बदलल्यात तर बिघडलं कुणामुळे, ते कळायचं नाही.' व्होल्ट एका जागी बांधून टाकले आणि सुरुवात केली. चव्वेचाळीस, दहा मिनिटं पूर्ण भार, तापमान लिहा. पंचेचाळीस, लिहा. शेहेचाळीस, लिहा. त्यांचं अक्षर बघाल तर मोत्यासारखं, एकतीस वर्षं दर तासाला दाब लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर. सत्तेचाळीस, एक्याऐंशी अंश. अठ्ठेचाळीस, पंच्याऐंशी. एकोणपन्नास... फट्! निळा. मी गिगाला फोन लावला, स्पीकरवर. आणि फोनवर गिगा ओरडतोय, 'व्होल्ट! व्होल्ट वाढव! पन्नास होतंय!' सासूबाईंनी फोनकडे न बघता म्हटलं, 'कोण आहे हा? एवढा ओरडणारा माणूस मशीनपाशी नको.' मी फोन बंद केला. बारा वर्षांत पहिल्यांदा गिगाचा फोन मी बंद केला!

मी म्हटलं, 'मग अठ्ठेचाळीसवर ठेवू?' 'नाही. सत्तेचाळीस.' 'आई, अठ्ठेचाळीस चाललं की!' तेव्हा त्यांनी वही मिटली आणि सांगितलं. बायकोलाही माहीत नव्हतं हे. म्हणे, एकदा मोठे साहेब स्वतः बॉयलरखोलीत आले. चादरी तुंबल्या होत्या, साहेबांना दाब वाढवून हवा होता. काटा लाल रेघेच्या अलीकडे थरथरत होता. 'साहेब म्हणाले, रेघेपर्यंत जायला काय हरकत? मी म्हटलं, रेघ मशीनची आहे साहेब, माझी रेघ तिच्या दोन घरं आधी असते. आणि विझवला मी बॉयलर. सगळं धुलाईघर चार तास बंद. साहेब आरडाओरडा करत होते. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले, त्यांना एका नळीला बारीक चीर सापडली. आत आठ बायका काम करत होत्या त्या दिवशी.' बस. एवढंच. बायको आईकडे बघतेय, मी सासूबाईंकडे बघतोय, आणि त्या तापमानाकडे.

सत्तेचाळीसवर ठेवलं. वर एक पूर्ण तास परीक्षा घेतली. तो तास त्या जाळीपाशी हात धरून बसल्या, मध्ये दुखरा गुडघा जरा सरळ केला तेवढाच. ब्याऐंशी. हललं नाही. बरोबर चार वाजता म्हणाल्या, 'आता तुमचं काम सुरू करा.' आणि माउसकडे हात नेला, उचलला, हवेत फिरवला... आता सांगू का, मला हसू नाही आलं. मी त्यांच्या हातून तो नीट घेतला, जसा आपण एखादी मौल्यवान गोष्ट घेतो, आणि बटण दाबलं.

मंगळवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी नऊशेवं चित्र पूर्ण झालं. नऊला फिल्म आर्किटेक्टबाईंच्या हातात. बारा वाजता त्यांचा फोन. म्हणाल्या, समितीत एक बाई होत्या, अशाच मुलांना शिकवणाऱ्या, त्यांना स्वतःलाही ऐकू येत नाही. फिल्ममध्ये गोल वर्ग आला, त्यात ऊन आलं, आणि त्या उभ्या राहिल्या. दोन्ही हात वर केले आणि असे हलवले, बोटं पसरून. त्यांची टाळी तशी असते म्हणे. मग दुसऱ्याने तसे केले, मग तिसऱ्याने, मग सगळी खोली हात वर करून हलवतेय, आणि आवाज... अजिबात नाही! शाळा होणार. तीच, गोल वर्गांची.

मी धावत सासूबाईंकडे गेलो, हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. डोळे पुसले असावेत, पण चष्मा पुसत होत्या, तर नक्की काय ते सांगता येत नाही. मग विचारलं, 'मशीन बंद केलंत ना? होऊ दे गार. त्यानेच केलं सगळं.' त्याने केलं! ऐका, ऐका यांचं म्हणणं!

आता गिगा विचारतो, एवढ्या उपद्व्यापात वाचलं किती? पंचेचाळीसचे झाले चाळीस. पाच तास, तुम्हाला सांगतो, चोख पाच तास वाचले. ते कुठे गेले, म्हणाल तर... ही गोष्ट पूर्ण सांगायला मला वीस मिनिटं लागतात. आणि ऐकणारे तुम्ही पंधरावे. करा गुणाकार!